प्राण्यांवरच्या मराठी पुस्तकांसाठी प्राणिशास्त्राच्या कसोटीचा पुरस्कार, आणि तो सोलापुरातून

माळरानवासी (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात रॉयल झूलॉजिकल सोसायटी नावाची १८७९ सालची जुनी संस्था आहे. तिला शंभर वर्षं झाली त्या १९७९ सालापासून ती 'व्हिटली पुरस्कार' देते. ऑस्ट्रेलिया आणि भोवतालच्या बेटांवरच्या प्राण्यांविषयी जी पुस्तकं निघतात, त्यांतल्या उत्तम पुस्तकांसाठी हे पुरस्कार आहेत. पक्षी ओळखायचं पुस्तक, लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक, एकाच प्राणिगटावरचा जाडजूड ग्रंथ, प्राणिशास्त्राच्या इतिहासावरचं लेखन अशा वेगवेगळ्या विभागांत प्रशस्तिपत्रं असतात आणि सगळ्यांत वरचढ ठरलेल्या पुस्तकाला व्हिटली पदक.

यात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे, की पुरस्कार देणारी संस्थाच प्राणिशास्त्राची आहे. पुस्तक वाचनीय हवंच, पण त्यातला प्राणी खरा हवा.

आपल्याकडे प्राण्यांवरच्या लेखनाचा सन्मान झाला नाही असं मुळीच नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'ला १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळ्यांमधला सत्तेचा झगडा हाच त्या पुस्तकाचा विषय. मारुती चितमपल्ली तर आपल्याच गावचे. १९३२ साली सोलापुरात जन्मले, आयुष्य वनखात्यात गेलं, २००६ साली इथेच भरलेल्या ७९व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरातच त्यांनी देह ठेवला. पण मराठीत अशा पुस्तकांचं कौतुक होतं ते साहित्य म्हणून. साहित्याच्या परीक्षकाला भाषेची जाण असते, पण लेखकाने लिहिलेलं विणीच्या हंगामाचं वर्णन पाहिलेलं आहे की ऐकीव, हे त्याने कशावरून ठरवावं? आणि सापांची पुस्तिका, फुलपाखरांची सूची, पक्षी ओळखायचं पुस्तक हे कादंबरीशेजारी ठेवून तोलायचं तरी कसं?

आता सोलापूरच का, ते सांगतो. त्याच १९७९ साली इथून जवळच्या नान्नजचं, माळढोक या मोठ्या माळपक्ष्यासाठीचं अभयारण्य जाहीर झालं. तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं. पुढे ते कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं. माळढोक, तणमोर, धाविक, पखुर्डी, भोवत्या हे पक्षी आणि लांडगा, खोकड, काळवीट हे प्राणी ही आपल्या दाराशी असलेली संपत्ती. पण मराठीत वन्यप्राण्यांचं पुस्तक म्हटलं की मनात येतं ते जंगल: नागझिरा, नवेगाव, मेळघाट, ताडोबा. चितमपल्लींनी जीव ओतून लिहिलं तेही मुख्यतः विदर्भाच्या जंगलांवर. गवताळ माळाच्या वाट्याला फार थोडी पानं आली.

म्हणून माझा प्रस्ताव: महाराष्ट्रातल्या प्राण्यांवर मराठीत लिहिलेल्या पुस्तकांसाठी पुरस्कार सुरू करावा, तो सोलापुरातून द्यावा, आणि परीक्षक मंडळात प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांचं मत निर्णायक असावं. आपली मतं हवी आहेत. विरोध असेल तर तोही मोकळेपणाने लिहा.

---

ग्रंथपाल_काकू

विषय काढलात, बरं झालं. तीस-एक वर्षं वाचनालयात गेली आहेत माझी. पावसाळा लागला की लोक सापांचं पुस्तक मागायला येतात. घरात साप निघालेला असतो, कोणीतरी मारलेला असतो, आणि हा विषारी होता का हे त्यांना पाहायचं असतं.

एकदा आमच्याकडे आलेल्या एका पुस्तिकेत मण्यारच्या नावाखाली कवड्याचा फोटो होता, आणि कवड्याच्या नावाखाली मण्यारचा. प्रकाशकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ही चूक एका वाचकाने दाखवली, तो सर्पमित्र होता. दोघांतला फरक त्यानेच शिकवला. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारचे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठसठशीत असतात. शिवाय मण्यारच्या पाठीच्या मधल्या रांगेतले खवले मोठे, षटकोनी असतात. कवड्या बिनविषारी. मण्यार चावली तर बऱ्याचदा फारसं दुखतही नाही, सूज येत नाही, झोपेत चावली तर माणसाला कळतही नाही, आणि मग श्वास बंद पडायला लागतो.

आता सांगा, त्या पुस्तिकेच्या प्रस्तावनेतली भाषा सुंदर होती याचं मी काय करू? मी ती कपाटातून काढून ठेवली. पण इतर वाचनालयांत ती असेलच. प्राणिशास्त्राचा माणूस छापण्याआधी किंवा निदान छापल्यावर तरी पुस्तक वाचतो आहे, ही धास्ती लेखक-प्रकाशकांना असायला हवी. पुरस्काराने ती येत असेल तर माझा पूर्ण पाठिंबा.

---

भीमाकाठ

माळरानवासी, तळमळ पोचली. तरी मी विरोधात लिहिणार आहे.

मराठीत पुरस्कारांना तोटा नाही. गावोगावी शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, फोटो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळी, आणि पुस्तक तिथेच पडून. प्राण्यांवरचं पुस्तक काढायचं तर रंगीत पानं लागतात, चांगला कागद लागतो, फोटोंचे हक्क लागतात. किंमत वाढते आणि घेणारा मागे सरतो. प्रकाशकाला पदक नको आहे, त्याच्या प्रती खपायला हव्या आहेत.

जो पैसा पुरस्काराला जमवाल, त्यात एक चांगलं पुस्तक निवडा आणि त्याच्या प्रती उत्तर सोलापूर, मोहोळ, बार्शी, करमाळा इथल्या शाळांना वाटा. ज्या मुलांच्या शेताच्या बांधावर खोकड येतं, त्यांच्या हातात ते पुस्तक पडू द्या. समारंभ करू नका.

---

सोलापूरकर_सिडनीत

मी दक्षिण कसब्यातला, सध्या मुक्काम सिडनी. व्हिटलीचं नाव धाग्यात दिसलं म्हणून लिहितोय.

गिल्बर्ट व्हिटली हा माणूस कोण, हे सांगण्यासारखं आहे. जन्म १९०३, इंग्लंडमधला. तरुण वयात सिडनीला आला, १९२२ साली इथल्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये लागला आणि पुढे कितीतरी वर्षं तिथल्या माशांच्या विभागाचा क्युरेटर होता. शेकडो शोधनिबंध लिहिले, माशांच्या जातींचं वर्णन केलं. आणि त्याचं दुसरं मोठं काम म्हणजे त्याने रॉयल झूलॉजिकल सोसायटीची प्रकाशनं दीर्घकाळ संपादित केली. १९७५ साली तो गेला, आणि चार वर्षांनी त्याच्या नावाने हे पुरस्कार सुरू झाले. म्हणजे पुरस्काराला नाव आहे ते दुसऱ्यांचं लेखन तपासत, नीट करत बसलेल्या माणसाचं. देणगीदाराचं किंवा पुढाऱ्याचं नाही.

भीमाकाठ, तुमचा मुद्दा खरा आहे, पण इथे वर्षानुवर्षं पाहून मला वाटतं की या पुरस्काराचा खरा उपयोग छोट्या पुस्तकांना होतो. मोठ्या प्रकाशकाचं देखणं पुस्तक तसंही खपतं. पण एखाद्याने आयुष्यभर गोगलगाईंचा किंवा बेडकांचा अभ्यास करून काढलेलं पुस्तक लोकांसमोर येतं कसं? प्रशस्तिपत्र मिळालं की ग्रंथालयं ते मागवतात, शिक्षक त्याचं नाव यादीत घालतात. विभाग वेगवेगळे आहेत ते त्यासाठीच. बेडकांच्या पुस्तकाला वाघाच्या पुस्तकाशी झुंजावं लागत नाही.

आणखी एक. ही जुनी संस्था प्राणिसंग्रहालयही चालवायची. सिडनीचं प्रसिद्ध टरोंगा प्राणिसंग्रहालय १९१६ साली उघडलं, त्याची मुळं या संस्थेच्या आधीच्या संग्रहालयात आहेत. प्राणी दाखवणं सुटलं, तरी प्राण्यांबद्दल खरं छापलं जावं यासाठी संस्था टिकून राहिली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

---

नान्नजचा_शेतकरी

राम राम. माझं रान अभयारण्याला लागून हाय. पुस्तकाचा विषय हाय म्हणून दोन शब्द लिवतो.

आमच्याकडं पुण्या-मुंबईचं लोक येत्यात, मोठं मोठं कॅमेरे. माळढोक दिसंल का इचारत्यात. लहानपणी मी सोता पाहिलाय, वडलांसंगं कुळवाला जाताना. गुडघ्याएवढ्या गवतात नुसती मान दिसायची. आता नावापुरतं राहिलं. पण त्या पाखरामुळं आमच्या जमिनीच्या खरेदी-विक्रीला, बांधकामाला किती वर्सं अडचण झाली ती कोण पुस्तकात लिवत न्हाई. काळवीट रातच्याला ज्वारीत शिरतंय, हरभरा खातंय, त्ये बी कोण लिवत न्हाई. ज्या पुस्तकात माळ हाय पर माळावरचा माणूस न्हाई, त्ये पुस्तक अर्धं हाय असं माझं म्हननं.

दुसरी गोष्ट. आमच्या गावच्या पोरांनी वनखात्याकडं रोजंदारी केलीया. कुठली टिटवी कुठं बसती, धाविकाची अंडी कंच्या महिन्यात दिसत्यात, लांडगीण बिळ कुठं करती, ही त्यांना ठावं हाय. पुस्तकवाले येत्यात, इचारत्यात, जात्यात. नाव कुणाचंच येत न्हाई. तुमी पुरस्कार देनार असाल तर एक अट घाला. ज्याच्याकडून माहिती घेतली त्याचं नाव पुस्तकात पाहिजे.

---

माळरानवासी (धागाकर्ता)

दादा, तुमची ही अट मी जशीच्या तशी पहिल्या क्रमांकावर ठेवतो. यावर चर्चेचीही गरज वाटत नाही. जमिनीचा मुद्दाही बरोबर. अभयारण्याचं क्षेत्र एवढं कमी करावं लागलं त्यामागे लोकांची हीच अडचण होती, आणि माळढोकवरच्या कुठल्याही प्रामाणिक पुस्तकात ते आलंच पाहिजे.

---

चित्ररेषा

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, म्हणून बालविभागाबद्दल लिहिते. या विभागाची तपासणी सगळ्यांत कडक व्हावी, कारण लहानपणी डोळ्यांत बसलेलं चित्र नंतर पुसत नाही.

ससा घ्या. आपल्या गोष्टींत पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, बिळात राहणारा ससा असतो. तो परदेशी पाळीव प्राणी. आपल्या माळावरचा ससा तपकिरी, मानेमागे काळा डाग असलेला. तो बीळ करत नाही, झुडपाखाली किंवा गवतात जरा खोलगट जागा करून दबून बसतो. त्याची पिल्लं जन्मतानाच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात. बिळात राहणाऱ्या परदेशी सशाची पिल्लं बिनकेसांची आणि डोळे मिटलेली असतात. जे उघड्या माळावर जन्मतं त्याला तयारीनेच यावं लागतं! ही केवढी सुंदर गोष्ट आहे मुलांना सांगायला. आणि आपण ती सांगत नाही.

काळवीटाचं तसंच. कितीतरी पुस्तकांत काळवीटाच्या डोक्यावर फांद्या फुटलेली शिंगं काढलेली मी पाहिली आहेत. फांद्यांची शिंगं चितळ-सांबरांना, आणि ती दरवर्षी गळून नवी येतात. काळवीट गाई-बकऱ्यांच्या कुळातलं. त्याची शिंगं पिळदार, बिनफांद्यांची आणि आयुष्यभराची. नान्नजला जाऊन एक सकाळ बसलं तरी चित्रकाराला हे दिसेल. पण चित्रकाराला तिथे पाठवायचा खर्च कोण करतं? आम्हाला संदर्भासाठी फोन-इंटरनेटवरचे चार फोटो मिळतात आणि आठ दिवसांची मुदत. पुरस्कारात चित्रकाराचं नाव लेखकाच्या बरोबरीने असावं, आणि चित्रं तपासणारा परीक्षकही प्राणिशास्त्राचाच असावा, असं मला ठामपणे वाटतं.

---

भीमाकाठ

चित्ररेषा ताई, सशाच्या पिल्लांची गोष्ट मला ठाऊक नव्हती. आज रात्री नातीला सांगणार.

सिडनीकरांचा छोट्या पुस्तकांचा मुद्दा मला पटला. पण तरी सांगतो, पुरस्काराबरोबर खरेदी जोडा. पुस्तक निवडलं की त्याच्या प्रती शाळांसाठी विकत घेतल्याच पाहिजेत. रोख रक्कम लेखकाला कमी द्या, चालेल. प्रती जास्त घ्या.

---

प्राध्यापक_ड्रॉसोफिला

मी प्राणिशास्त्र शिकवतो. परीक्षक म्हणून आमच्यासारख्यांना बोलावणार असाल तर आम्ही नेमकं काय तपासणार, हे आधी ठरलेलं बरं. नाहीतर अभ्यासक आपापल्या आवडीचा मुद्दा धरून बसतात.

पहिलं, ओळख आणि नाव. शास्त्रीय नावं बदलत राहतात. माळढोकाचं जुन्या ग्रंथांत 'कोरिओटिस नायग्रिसेप्स' सापडेल, आज 'आर्डिओटिस नायग्रिसेप्स' म्हणतात. जुनं नाव दिलं म्हणून पुस्तक बाद करू नये, पण कुठल्या याद्या वापरल्या ते लेखकाने सांगितलेलं असावं.

दुसरं, आकड्यांना तारीख. याचा मला फार त्रास होतो. माळढोक नान्नजला 'आढळतो' असं आजही पुस्तकांत छापलं जातं, आधीच्या पुस्तकातून उचलून. तो २०११ पासून जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे, आणि जगात दीडशेसुद्धा उरले नाहीत, बहुतेक राजस्थानात. ज्या वाक्यात कधीचं निरीक्षण ते नाही, ते वाक्य प्राणिशास्त्राच्या दृष्टीने अपुरं.

तिसरं, कारणं. नुसतं 'माणसाच्या हव्यासामुळे पक्षी कमी झाला' लिहून भागत नाही. माळढोकाची मादी जमिनीवर एका वेळी बहुधा एकच अंडं घालते. म्हणजे एक घरटं कुत्र्याने लुटलं की त्या हंगामाची कमाई गेली. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांत हे फार मोठं वजन. त्याला दोन्ही बाजूंचं चांगलं दिसतं, अगदी समोरचं कमी. त्यामुळे विजेची तार दिसेपर्यंत तो जवळ आलेला असतो आणि एवढं वजन घेऊन त्याला चटकन वळता येत नाही. एका परिच्छेदात हे सगळं बसतं. हे वाचणाऱ्या शाळकरी मुलाला विजेच्या तारा का जमिनीखालून न्यायला हव्यात ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

चौथं, आणि हे सोलापूरसाठी सगळ्यांत महत्त्वाचं. गवताळ माळाला सरकारी दप्तरात फार काळ 'पडीक' म्हणत आले आहेत. त्यामुळे मुलांच्या कितीतरी पर्यावरणाच्या पुस्तकांचा शेवट 'चला, माळावर झाडं लावू या' असा होतो. लेखकाचा हेतू चांगलाच असतो. पण माळढोक, धाविक, चंडोल, लांडगा, काळवीट यांना उघडा माळच लागतो. दूरवर नजर जाते तिथेच ते सुरक्षित असतात. तिथे दाट झाडी केली की त्यांचं घर जातं. अशा पुस्तकाची भाषा कितीही गोड असली तरी मी त्याला गुण देणार नाही.

---

बार्शीची_शाळा

सर, चौथा मुद्दा वाचून आमच्या शाळेतल्या वृक्षारोपणाच्या तक्त्याकडे आज नव्याने पाहिलं. डोंगरउतारावर, रस्त्याकडेला झाडं हवीतच, पण माळाचं वेगळं आहे हे आम्हा शिक्षकांनासुद्धा कोणी शिकवलं नाही. याचं मराठीत, पाचवी-सहावीच्या मुलांना वाचता येईल असं पुस्तक मला आजच हवं आहे.

वेळेबद्दल एक सुचवते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. शाळांना त्या आठवड्यात कार्यक्रम करायचेच असतात आणि बहुतेक ठिकाणी घोषवाक्यं आणि रांगोळीवर काम भागतं. त्या आठवड्यात निवडलेली पुस्तकं जाहीर झाली तर शाळा आपणहून ती मागतील. थंडीही सुरू झालेली असते, भोवत्या आलेले असतात, मुलांना माळावर नेता येतं.

---

जुनीपुस्तके

चितमपल्लींचं नाव आलं आहे तर एक नाजूक प्रश्न विचारतो. त्यांच्याविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. पण त्यांच्या लेखनात आदिवासींच्या, पारध्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी आणि समजुती प्रत्यक्ष निरीक्षणांच्या शेजारी येतात. तुम्ही म्हणता तशी कडक कसोटी लावली तर त्यांचीच पुस्तकं नापास होतील. मग अशा पुरस्काराचा काय उपयोग?

---

प्राध्यापक_ड्रॉसोफिला

प्रश्न योग्य आहे. माझं उत्तर असं: लोकांची समजूत नोंदवणं ही चूक नाही. 'अमुक गावचे लोक असं मानतात' हे वाक्य खरं आहे. ती समजूत प्राण्याचा गुणधर्म म्हणून लिहिली तर ती चूक होते. वाचकाला दोन्हींतली रेघ दिसली पाहिजे, एवढीच अपेक्षा.

आणि विभाग नीट केले तर त्यांचं काम कुठेच अडत नाही. हंसदेवाच्या जुन्या संस्कृत 'मृगपक्षिशास्त्रा'चं त्यांनी मराठीत आणलेलं काम घ्या. त्यातली सगळी माहिती आजच्या प्राणिशास्त्रात टिकणार नाही, टिकावी अशी अपेक्षाही नाही. पण आपल्या पूर्वजांनी प्राण्यांकडे कसं पाहिलं याचा तो मोठा पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात प्राणिशास्त्राच्या इतिहासाचा विभाग आहे, आपणही ठेवू. त्यांचा 'पक्षिकोश' संदर्भग्रंथांत येईल. ललित अनुभवलेखनाचा विभाग वेगळा ठेवा आणि तिथे रेघ स्पष्ट आहे का तेवढं पाहा.

---

नान्नजचा_शेतकरी

सर, समजुतीचं तुमी म्हनला ते पटलं. पर एक ध्यानात घ्या. आमच्याकडची म्हातारी मानसं माळढोकाला हूम म्हनत्यात. नर हूंऽ करून आवाज देतोय म्हनून. शास्त्रवाल्यांनी यंत्रावर आवाज धरायच्या आधीपासून आमाला ठावं हाय त्यो कधी बोलतोय. समजूत म्हनून सगळं एका पोत्यात घालू नका.

---

प्राध्यापक_ड्रॉसोफिला

अगदी खरं, दादा. ते निरीक्षण आहे, आणि विणीच्या काळातलं अचूक निरीक्षण आहे. परीक्षक मंडळात माळावर काम केलेला, गावातला एक माणूस घेऊ या. मी हे मनापासून सुचवतो आहे.

---

ग्रंथपाल_काकू

सगळे वाद वाचले, आनंद झाला. आता माझ्या बाजूचं सांगते. पर्यावरणावरच्या मूळ हिंदी पुस्तकांसाठी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचा मेदिनी पुरस्कार आहे. मराठीत राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार आहेत, त्यांत विज्ञानाची, मुलांची पुस्तकं येतात. पण केवळ इथल्या प्राण्यांवरच्या पुस्तकांना वेगळं पान कुठे मिळत नाही. म्हणून जागा रिकामी आहे, आणि ती भरायला सरकारी ठराव लागत नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं जुनं वाचनालय शहरात आहे, विद्यापीठ आहे, महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. माणसं आहेत, त्यांना एका टेबलाशी बसवायचं आहे.

एक काळजी मात्र बोलून दाखवते. पहिल्याच वर्षी सगळे विभाग मांडले तर निम्म्या विभागांत पुस्तकं यायची नाहीत, आणि मग कोणाला तरी द्यायचंच म्हणून द्यावं लागेल. तसं झालं की पुरस्काराचा कस गेला. योग्य पुस्तक नसेल तर त्या विभागात त्या वर्षी कोणालाच नाही, हे पहिल्या पत्रकातच छापा.

---

सोलापूरकर_सिडनीत

काकू, हे फार महत्त्वाचं. आणि परीक्षकांचं मत लेखी असावं. दोन-तीन परिच्छेद, पुस्तकात काय उत्तम आहे आणि काय दुरुस्त करायला हवं. पुरस्कार न मिळालेल्या लेखकालाही ते पाठवावं. दुसऱ्या आवृत्तीत त्याने दुरुस्ती केली तर तो सगळ्यांत मोठा फायदा. खर्चाचा काही भार मी आणि इथले दोन-चार सोलापूरकर उचलू. देणगीदार म्हणून नावं नकोत.

---

चित्ररेषा

नावावरून आठवलं. पुरस्काराला चितमपल्लींचं नाव द्यावं असं वाटणाऱ्यांत मी आहे, पण त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

---

माळरानवासी (धागाकर्ता)

नाव सध्या मोकळं ठेवतो. घरच्यांशी बोलणं झालं तरच पुढे जाऊ.

आतापर्यंत सगळ्यांच्या लिहिण्यातून जे मला पक्कं वाटतंय ते लिहितो. पहिल्या वर्षी दोनच विभाग: प्राणी ओळखायला मदत करणारी पुस्तकं, आणि मुलांची पुस्तकं. ओळखीच्या पुस्तकांत सापांवरच्या पुस्तिका आवर्जून मागवायच्या, काकूंनी सांगितलेला प्रकार लक्षात घेऊन. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार विषारी सापांची चित्रं आणि वर्णनं सर्पमित्राकडून वेगळी तपासून घ्यायची. मुलांच्या विभागात लेखक आणि चित्रकार दोघांचं नाव. माहिती देणाऱ्या स्थानिक माणसांची नावं पुस्तकात नसतील तर पुस्तक विचारात घ्यायचं नाही. परीक्षक मंडळात प्राणिशास्त्राचे दोघे, माळावरचा एक, शाळेतला एक आणि ग्रंथपाल एक. भीमाकाठ यांच्या म्हणण्याप्रमाणे निवडलेल्या पुस्तकाच्या प्रती शाळांसाठी विकत घ्यायच्या. आधी प्रतींचा पैसा बाजूला काढायचा, मग उरलेल्यात बाकी सगळं.

माझ्या मनात आणखी एक अट आहे. वाघ-बिबट्याच्या पुस्तकांना बंदी नाही, पण माळ, पाणथळ जागा, शेत, गाव इथल्या प्राण्यांवरच्या पुस्तकाला बरोबरी झाल्यास झुकतं माप द्यावं. हिप्परग्याचा एकरूख तलाव, उजनीच्या फुगवट्यावरचे रोहित पक्षी, सिद्धेश्वर तलावाकाठची वटवाघळं यांवर लिहायला कोणीतरी बसावं म्हणून.

---

भीमाकाठ

झुकत्या मापाला माझा विरोध आहे. पुस्तक चांगलं ते चांगलं. माळावरचं पुस्तक हवं असेल तर ते लिहून घ्या. लेखकाला वर्षभराचा प्रवासखर्च द्या, चित्रकाराला नान्नजला राहायची सोय करून द्या. परीक्षेत सवलत देऊन चांगलं पुस्तक जन्माला येत नाही.

---

माळरानवासी (धागाकर्ता)

हे मान्य. अट काढली. त्याऐवजी चित्रकाराच्या आणि लेखकाच्या मुक्कामाचा खर्च असा वेगळा भाग करू.

---

नान्नजचा_शेतकरी

मुक्कामाला खर्च कशाला? माझ्या वस्तीवर खोली हाय. भाकरी, शेंगाची चटणी, दूध हाय. फकस्त हंगाम बगून या. पाऊस उघडला की माळ हिरवा असतोय, पाखरं अंड्यावर असत्यात, तवा लांबूनच बगायचं. चित्रवाल्या ताईंनी हिवाळ्यात यावं, तवा काळवीटं कळपानं दिसत्यात आन् भोवत्या सांजच्याला गवतात उतरत्यात.

---

चित्ररेषा

दादा, येते. डिसेंबरात. बरोबर एक लेखिका मैत्रीण आणली तर चालेल ना? तिला सशावर लिहायचं आहे.

---

ग्रंथपाल_काकू

तोपर्यंत आपल्या वाचनालयात सापांवर, पक्ष्यांवर, प्राण्यांवर मराठीत जे काही आहे त्याची यादी मी करायला घेते: नाव, लेखक, प्रकाशन वर्ष, कितवी आवृत्ती, आणि सूची आहे की नाही. सूची नसलेलं ओळखीचं पुस्तक कोणाच्या कामाचं? बार्शी, पंढरपूर, अकलूज, करमाळा इथल्या ग्रंथपालांनी आपापली यादी इथेच टाकावी. सर, तुम्ही त्यातली सापांची पुस्तकं आधी वाचायला घ्या. पावसाळ्याआधी.